अनधिकृत बदल

वणीत दुरुस्त न होणारी वस्तू शोधावी लागते. जळालेली मोटार रिवाइंड होऊन मिळते, ट्रॅक्टरचा तुटलेला पाटा वेल्डिंग होऊन येतो, कोळसा वाहून थकलेला ट्रक इंजिन बांधून पुन्हा खाणीच्या रस्त्याला लागतो. अशा गावात मी लॅपटॉपचं ग्राफिक्स वाढवून मागितलं, तेव्हा दुकानातलं वातावरण एकदम गंभीर झालं.

मागणी फार नव्हती. भाचा सिव्हिलला आहे. संगणकावर त्यानं घराला खिडकी लावली, की ती त्याला चहा पिऊन आल्यावर दिसते. दुकानातल्या पोरानं लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, “काका, नाही होत हे. बोर्डावरच बसून येते ते. कायले खर्च करता, नवाच घ्या ना!”

त्याचं खरं आहे. ग्राफिक्सच्या चिपखाली शेकडो बारीक धातूचे गोळे असतात. ते वितळवून चिप मदरबोर्डला जन्माची चिकटवतात. पूर्वी सगळीकडं असं नव्हतं. २००४ साली एनव्हिडियानं एमएक्सएम नावाची सोय काढली होती : ग्राफिक्सची पाटी वेगळी, जुनी काढा, नवी घाला. मग कुणी स्क्रूची भोकं सरकवली, कुणी तांब्याची नळी वेगळी वळवली, कुठं यंत्र सुरू करणारी आतली प्रणाली, म्हणजे बायोसच, नव्या पाटीला ओळख देईना. पुढं लॅपटॉप इतके बारीक झाले, की पाटी बसवायला जागाच उरली नाही. याला प्रगती म्हणतात.

दुसरा मार्ग बाहेरच्या कार्डाचा. कार्ड वेगळ्या डब्यात, डब्याला वेगळी वीज, मधे थंडरबोल्टची केबल. ही व्यवस्था वणीकरांना नवी नाही. आमचा जिल्हा यवतमाळ आणि लोकसभा मतदारसंघ चंद्रपूर. अडचण एवढीच, की आमच्या लॅपटॉपला थंडरबोल्टचं फक्त भोक आहे. आकार तोच, गोलाई तीच, केबलही बसते. आत थंडरबोल्ट नाही.

तिसरा मार्ग धाडसाचा : वायफायचं कार्ड उपसायचं आणि त्या खाचेत अडॅप्टर घालून मोठं कार्ड जोडायचं. ते केलं. लॅपटॉप सुरू झाला आणि काळ्या पडद्यावर त्यानं कळवलं, की अनधिकृत कार्ड आढळलं आहे, ते काढावं. बायोसमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादी असते. माझ्या पैशानं घेतलेल्या, माझ्याच टेबलावरच्या यंत्रात कोण येणार, याची यादी दुसऱ्याकडं आहे. ॲपल निदान आशा तरी लावत नाही. २०२० पासूनच्या त्यांच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये बाहेरचं ग्राफिक्स कार्ड चालतच नाही.

सरकारचं मात्र लक्ष आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही आलं. पण हक्क दुरुस्तीचा आहे, आणि माझा लॅपटॉप बिघडलेला नाही. तो नुसता मंद आहे. ग्राफिक्सचा भाग स्क्रू काढून बदलता येईल असा लॅपटॉप फ्रेमवर्क नावाच्या कंपनीनं काढलाय म्हणे. टिळक चौकातल्या काचेत तो अजून दिसलेला नाही.

शेवटी पोरानं एक रॅमची खाच रिकामी शोधली. प्रोसेसरच्या चिपमधलं ग्राफिक्स लॅपटॉपच्याच रॅमवर जगतं. एका पट्टीऐवजी दोन असल्या की त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. दुसरी पट्टी बसवली, खिडकी लवकर लागू लागली. दुपारी ती पुन्हा लागेना. माहितीपुस्तिकेत लिहिलंय, यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावं. वणीत मे महिन्यात ३५ अंश म्हणजे स्वेटर शोधायची वेळ. चिप तापली की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करते. याबाबत तिला दोष देता येत नाही, आम्हीही तेच करतो.

म्हणून पंखा उघडला. पात्यांवर, जाळीत, तांब्याच्या नळीच्या बेचक्यात काळी पूड गच्च बसली होती. पोरानं ब्रशनं झाडली, जुनी पेस्ट पुसून नवी लावली, आणि बोटं पँटला पुसत म्हणाला, “कोळसा हाय काका.” लॅपटॉप सुधारला. या भानगडीत वॉरंटीचं स्टिकर मात्र फाटलं.

कंपनीला फोन लावला. तिकडच्या ताईंनी नम्रपणे सांगितलं, की यंत्र उघडल्यामुळे वॉरंटी संपुष्टात आली आहे. मी आतल्या कोळशाचा विषय काढला. त्यांनी जरा थांबायला सांगितलं, वरिष्ठांना विचारलं आणि कळवलं, की कोळसा कंपनीनं बसवलेला नसल्यामुळे तोही अनधिकृत बदलच धरला जाईल. बायोसनं त्याला कसं सोडलं, हे त्यांच्या यादीत नव्हतं.