कुठलं ऑईल टाकता?

हार, नारळ, चाकाखालचं लिंबू आणि शोरूममध्ये गाडीवरचं कापड ओढतानाचा तो फोटो, हे सगळं तुम्हाला पाठ आहे, तेव्हा सोडून देतो. पेढेही वाटून झाले. मला सांगायचंय ते गाडी घेतल्यावर माणसात जो एक तज्ज्ञ जागा होतो त्याच्याबद्दल.

माझ्यातला पार्किंगमध्ये जागा झाला. तळमजल्यावरच्या काकांनी बॉनेटवर थाप मारून विचारलं, "कुठलं ऑईल टाकता?" 'सर्व्हिसिंगवाले टाकतील ते' हे खरं उत्तर जिभेवर होतं. पण शेजारी दोन तरुण मुलं उभी होती. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "ग्रेडचा अभ्यास चाललाय." अभ्यास अर्थातच चाललेला नव्हता. पण माझे बहुतेक अभ्यास असेच, आधी जाहीर आणि मग सुरू झालेले आहेत.

गाडीबरोबर एक जाड पुस्तिका येते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढता ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायची आणि गाडी विकताना पुढच्या मालकाला कोरी करकरीत द्यायची, अशी आपल्याकडची पद्धत. मी ती गॅलरीत बसून, हातात पेन्सिल घेऊन वाचली. "अहो, एवढ्या मन लावून दासबोध वाचला असतात तर..." असं बायको म्हणाली आणि वाक्य पुरं न करता आत गेली. पुस्तिकेत लिहिलं होतं: ०डब्ल्यू-१६.

ऑईलच्या डब्यावर दोन आकडे असतात आणि मध्ये हा डब्ल्यू. तो विंटरचा. बऱ्याच लोकांना तो वेटचा, म्हणजे वजनाचा वाटतो, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, कारण त्यांना दुरुस्त करण्याइतकं सुख मला हल्ली दुसऱ्या कशात मिळत नाही. पहिला आकडा थंडीतला. डिसेंबरात खोबरेलाची बाटली उपडी धरली तरी थेंब पडत नाही, उन्हात नेऊन ठेवावी लागते. इंजिनातल्या तेलाची अशी गत किती थंडीपर्यंत होणार नाही, ते हा आकडा सांगतो. दुसरा आकडा तेल १०० अंश सेल्सिअसला तापल्यावर किती दाट उरतं त्याचा. १६ म्हणजे पातळ, ४० म्हणजे चांगलंच दाट. आता '०डब्ल्यू' म्हणवून घ्यायचं तर तेलाला उणे ३५ अंशांत इंजिन फिरू देण्याची आणि उणे ४० अंशांत पंपातून वर चढण्याची परीक्षा द्यावी लागते. पाषाणचा पारा आठ-नऊवर आला की आम्ही पुणेकर मफलर काढतो आणि वर्तमानपत्रं तो आकडा पहिल्या पानावर छापतात. तरीही कोथरूडच्या झाकलेल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीचं तेल सैबेरियातही चालेल, ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत सुटलो. सैबेरियाला निघाल्यासारखा.

खरं कारण साधं आहे. इंजिनाच्या लेखी पुण्यातली मे महिन्यातली सकाळसुद्धा थंडच. रात्रभरात तेल निथळून खाली चेंबरमध्ये जातं, सकाळी स्टार्टर मारला की पहिले काही क्षण वरचे भाग जेमतेम ओलाव्यावर फिरतात आणि झीज होते ती तेव्हा. पातळ तेल लवकर वर पोचतं. शिवाय ते ढवळायला ताकद कमी लागते, म्हणून अ‍ॅव्हरेजही थोडा सुधारतो.

हे मी आमच्या जुन्या मेकॅनिकला समजावायला गेलो. त्यानं नव्या गाडीची डिपस्टिक काढली, तेल दोन बोटांत चोळलं आणि वैद्यानं नाडी सोडावी तसा हात पुसला. "साहेब, हे पाणी आहे पाणी. वीस-चाळीस टाका. इंजिन कसं शांत होतं बघा." तो चुकत नव्हता. त्याची हयात ज्या इंजिनांत गेली त्यांच्यातल्या फटी ढिल्या होत्या, त्यांना दाट तेलच लागायचं. नव्या इंजिनातल्या फटी पातळ तेलाच्या हिशेबानं ठेवलेल्या असतात, हे मी त्याला पुस्तिका उघडून दाखवलं. त्यानं पुस्तिकेकडे न बघता माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं आपण टायर बदलायलाही मला बोलावत आलात, असं त्या बघण्यात होतं.

डब्यावर अक्षरंही असतात. २०२० साली 'एसपी' नावाचा दर्जा आला. मी तो पाठ केला, दोन ठिकाणी बोलूनही दाखवला, आणि पाहतो तर २०२५ मध्ये 'एसक्यू' आलेला. आमच्या मुलाच्या शाळेतल्या गणिताच्या पद्धती अशाच मला गाठू न देता बदलत गेल्या होत्या.

इथं मला थोडं एरंडेलाबद्दल बोलू द्या. विषयाला सोडून आहे, पण या सगळ्या अभ्यासात मला खरा आनंद झाला तो इथं. लहानपणी आमची आजी रविवारी सकाळी सुंठीच्या काढ्यातून जे एरंडेल पाजायची, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंजिनांत घालत असत. चार्ल्स वेकफील्ड नावाच्या इंग्रज गृहस्थानं १८९९ मध्ये लंडनला वंगणाची कंपनी काढली आणि पुढं वंगणात एरंडेल मिसळून १९०९ मध्ये 'कॅस्ट्रॉल' बाजारात आणलं. नंतर हे गृहस्थ लंडनचे लॉर्ड मेयर झाले. एरंडेल देणाऱ्या माणसाबद्दल लोकांना एवढा आदर वाटू शकतो, हे आजीला कळायला हवं होतं.

पण खरी मजा विमानांत. पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच लढाऊ विमानांना रोटरी इंजिन असायचं. त्यात दांडा जागेवर आणि अख्खं इंजिनच पंख्यासकट गरगर फिरायचं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच जायचं, तिथं खनिज तेल घातलं तर ते पेट्रोलात विरघळून जाणार. एरंडेल पेट्रोलाला तसं दाद देत नाही. म्हणून एरंडेल. पण ते पुन्हा वापरायची सोयच नव्हती. एकदा आत गेलेलं तेल धुराबरोबर थेट बाहेर, म्हणजे मागं बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर. चष्म्यावर एरंडेल, मिशीवर एरंडेल, आणि श्वासाबरोबर पोटातही एरंडेल. पुढचं आपल्या पिढीला सांगायला नको. शत्रू मागं लागलाय, खाली खंदक आहेत आणि पोटात आजीचा रविवार सुरू झालाय. त्या वीरांचे गळ्यात रेशमी रुमाल बांधलेले रुबाबदार फोटो आपण पाहतो. त्या रुमालानं चष्मा पुसायचंही काम व्हायचं. याच जातीचं 'सॉपविथ कॅमल' विमान १९१७ मध्ये हरदितसिंग मलिक हे आपले सरदारजी पगडीवर खास मोठं करून घेतलेलं शिरस्त्राण घालून उडवत होते. पुढं ते फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले. आणि जगात सर्वांत जास्त एरंडी आजही आपल्याकडे पिकते, त्यातली बहुतेक गुजरातेत. मी हे सगळं सोसायटीच्या वार्षिक सभेत, पाण्याच्या टँकरचा विषय चालू असताना सांगितलं. आभार कोणी मानले नाहीत. असो, एरंडाचं गुऱ्हाळ पुरे.

आता रनिंगकडे, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला सांभाळून चालवण्याकडे येतो. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक, एकमेकांना छेदणारे ओरखडे काढतात, त्यांत तेल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासत घासत आपली जागा करून घेतात. गॅरेजच्या भाषेत रिंगा बसतात, इंजिन मोकळं होतं. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः तिच्यामागं शिरणाऱ्या वायूच्या दाबानं. म्हणजे गाडी नुसती लाडात चालवली तर दाब पुरत नाही, भिंत गुळगुळीत होऊन बसते आणि इंजिन पुढं जन्मभर ऑईल पितं. आणि दामटली तर तापून मार बसतो. आजची इंजिनं इतकी बारकाईनं घडवलेली असतात की पूर्वीइतकं सांभाळावं लागत नाही, तरी पुस्तिका सांगते: पहिले १००० किलोमीटर अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवू नका, चढावर वरच्या गिअरमध्ये रडवू नका, आणि फार वेळ एकाच वेगानं जाऊ नका.

ही शेवटची अट पुण्यात पाळावी लागत नाही, कर्वे रस्ता ती आपल्याकडून पाळून घेतो. पंचाईत झाली एक्सप्रेसवेवर. तो २००२ मध्ये पुरा झाला तोच मुळी लोकांना एकाच वेगानं मुंबईला जाता यावं म्हणून. मी डावी लेन धरून सत्तरवर जायचो, पंचेचाळीसवर यायचो, पुन्हा सत्तरवर जायचो. मागचा ट्रकवाला आधी हॉर्न देऊन, मग हात करून आणि शेवटी शेजारून जाताना खिडकीतून माझ्याकडे काळजीनं बघत गेला. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. लोणावळ्याच्या आधी त्यांनी लिंबाची फोड मागितली. "बरं वाटत नाहीये का यांना?" त्यांनी मुलीला हळूच विचारलं. 'यांना' म्हणजे मला.

"रिंगा बसवतायत," बायको म्हणाली.

माझ्या वडिलांचं रनिंग मला आठवतं. स्कूटर चेतक. तेव्हा ती पैसे घेऊन गेलं की मिळत नसे, नंबर लावावा लागे आणि नंबर यायला वर्षं जात. मी शाळेत गेलो नव्हतो तेव्हा लावलेला नंबर मला मिसरूड फुटायच्या बेतात लागला. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे ऑईल पेट्रोलातच मिसळायचं. पंपावरचा माणूस हातपंपानं टू-टी ऑईल सोडायचा तेव्हा वडील वाकून मापाकडे बघत राहायचे, आणि झाकण लावल्यावर दोन्ही हातांनी हँडल धरून स्कूटर गदागदा हलवायचे, तेल नीट मिसळावं म्हणून. चाळीसच्या वर काटा नाही. मला मागं बसायची लाज वाटायची, कारण मित्राच्या वडिलांची लुना आम्हाला मागं टाकायची. रनिंग संपलं, सर्व्हिसिंग झालं, वर्षं गेली, काटा चाळीसवरच. मला वाटायचं, बाबा घाबरट आहेत. आपल्याला दुसरी मिळणार नाही अशा समजुतीनं एखादी वस्तू वापरणं म्हणजे काय, हे मला कळायचं कारणच नव्हतं. मला तोवर सगळं मिळतच आलं होतं, बरंचसं त्यांच्याकडून. ती स्कूटर ते गेल्यावरही पहिल्या किकला सुरू व्हायची. आडवी न करता. चेतकवाल्यांना याचा अर्थ कळेल.

म्हणून मला राग येतो तो 'वीस-चाळीस टाका' म्हणणाऱ्या मेकॅनिकचा नव्हे. त्याला निदान इंजिन जगावं असं वाटतं. राग येतो तो ऑफिसातल्या त्या हुशार पोरांचा, जी म्हणतात, "सर, एवढा विचार कशाला? पाच वर्षांत काढायचीच ना गाडी." झीज दिसेल तेव्हा ती दुसऱ्या कुणाची तरी असेल, असा हिशेब. त्यांना मी काही बोललो नाही. बोललो असतो तर पुन्हा एरंडेलावर गेलो असतो.

तर १००० किलोमीटर झाले. मी दुकानातून ०डब्ल्यू-१६ चा डबा आणला. डब्यावरची अक्षरं दुकानदाराला वाचून दाखवली, त्यानं ती सहनही केली. डबा डिकीत ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून मी पहिल्या सर्व्हिसिंगला गेलो. काउंटरवरचा मुलगा माझ्या मुलापेक्षा लहान असावा. मी डबा टेबलावर ठेवला, लेबल त्याच्याकडे करून.

"हे काय, सर?"

"ऑईल. हेच टाका. समोर उभा राहीन मी."

"सर, पहिल्या सर्व्हिसला ऑईल बदलत नाहीत. नुसतं चेकिंग असतं. ऑईल १०,००० किलोमीटरला, नाहीतर एक वर्षानं. जे आधी होईल ते. पुस्तिकेत आहे, सर."

होतं. ०डब्ल्यू-१६ च्या पुढच्याच पानावर होतं. मी पेन्सिलीनं खूण केलेल्या पानाला ते पाठ लावून बसलं होतं. मुलगा चांगला होता, हसला नाही. उलट माझी कड घ्यावी म्हणून की काय, त्यानं एक रंगीत कागद पुढं केला: इंजिन ट्रीटमेंट, इंजिन फ्लश, आणि खालून कसलंसं कोटिंग. नव्या इंजिनात अजून धुण्यासारखं काय जमलं असेल, असं मी विचारलं. "सर, बरेच कस्टमर घेतात," तो म्हणाला. एवढ्या महिन्यांच्या अभ्यासाचा उपयोग झाला तो हा एवढाच, की मी तो कागद घडी न घालता परत दिला.

डबा घरी आला. वर्षभर ठेवायचा तर कुठं, यावर चर्चा होऊन तो पलंगाखाली गेला. गेल्या आठवड्यात बायको म्हणाली, "बेडरूमचं दार रात्री किती वाजतंय. त्या तुमच्या डब्यातलं दोन थेंब बिजागरीला घाला ना."

मी म्हणालो, असं कसं घालता येईल. बिजागरी काही १०० अंशांवर तापत नाही, म्हणजे दुसरा आकडा इथं गैरलागू. प्रश्न पहिल्या आकड्याचा, आणि तोही उणे ३५ ला कसोटी लावून ठरवलेला. शिवाय यात डिटर्जंट असतात, ते काजळी धरून ठेवायला, आणि बिजागरीत काजळी कुठून...

"अहो," ती शिवणाच्या मशीनच्या तेलाची कुपी बिजागरीवर दाबत म्हणाली, "सरका जरा. प्रकाश अडवताय."