भिंतीवरचं चौथं वर्ष

आमच्या नि शेजारच्या वहिनींच्या मधली भिंत छातीएवढी उंच आहे. बांधणाऱ्यानं ती हद्दीवरून भांडणं होऊ नयेत म्हणून बांधली असणार. आम्ही तिच्यावरून कढीपत्ता, वाट्या आणि बातम्या इकडच्या तिकडे करतो. मे महिन्यात तिच्यावर कुरडयांची ताटं वाळतात, तेवढाच आणखी एक उपयोग.

परवा सकाळी सातच्या सुमाराला वहिनी भिंतीपाशी आल्या त्या रिकाम्या हातानं. वहिनी रिकाम्या हातानं आल्या की समजावं, बातमी मोठी आहे.

"ताई, आमच्या हिनं नवीनच काढलंय. आता डिग्री हातात पडेल, सुटलो, म्हणून आम्ही बसलोय. तर ही म्हणते, अजून एक वर्ष. बी.ए.चं चौथं वर्ष!"

"विषय राहिला की काय?" मी विचारलं. खोटं कशाला बोलू, आवाजात थोडी उत्सुकता होती.

"राहतोय कसला! पाच सेमिस्टरचे मिळून अठ्ठ्याहत्तर टक्के आहेत. म्हणून तर ही भानगड. ऑनर्स करायचंय म्हणे."

ऑनर्स म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकदम कलकत्ता आलं. जुन्या बंगाली सिनेमांतला नायक बी.ए. ऑनर्स असायचा, आणि तरीही बेकार असायचा. दिल्लीकडे तर तीन वर्षांच्या बी.ए.लाच कंसात 'ऑनर्स' लावायची पद्धत. आपल्याकडे कुणी ऑनर्स नव्हतं. आपल्याकडे 'स्पेशल' होतं. मी अर्थशास्त्र स्पेशल. लग्नाच्या वेळी सासूबाईंनी "मुलीचं स्पेशल काय?" असं विचारलं होतं, तर आमच्या आत्यानं पुरणपोळी सांगितली. असो.

"ताई, तुम्ही अर्थशास्त्रवाल्या, तुम्हीच समजवा तिला," वहिनी म्हणाल्या आणि घराकडे तोंड करून हाक मारली. लेक आली ती मोबाईलवर निकालपत्र उघडूनच. मी चष्मा लावून पाहिलं. डीएससी, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी... पुढे दोन, दोन, चार, दोन असे आकडे. आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी यापेक्षा वाचायला सोपी असते.

पोरीनं मात्र न कंटाळता उलगडून सांगितलं. ही २०२३ साली एका स्वायत्त कॉलेजात गेली. २०२० चं नवं शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात आधी विद्यापीठांच्या विभागांत नि अशा स्वायत्त कॉलेजांत २०२३ मध्येच आलं. बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४ पासून. म्हणजे हिची तुकडी पहिली. पहिल्या तुकडीचं आणि पहिल्या घावनाचं सारखंच, तवा तापलाय की नाही ते त्याच्यावरच कळतं.

सगळा हिशेब क्रेडिटचा. वर्गातले पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे असतील तर तीस. आपल्याकडे वर्षाला साधारण ४० ते ४४ क्रेडिट. एक वर्ष करून सुटलात तर सर्टिफिकेट, दोन केलीत तर डिप्लोमा, तीन केलीत तर नेहमीची पदवी, आणि चौथं करून १६० ते १७६ क्रेडिट भरलेत तर ऑनर्स. आणि हे सगळं साठतं कुठं, तर 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये.

"बँक?" वहिनींचा चेहरा जरा उजळला. "व्याज किती देतात?"

व्याज नाही, पण ठेव मोडत नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं, फक्त सगळं मिळून सात वर्षांत उरकायचं. आमच्या भिशीत एवढी सवलत नाही.

"ते राहू दे," वहिनींनी मुद्द्यावर आणलं. "वर्ष वाया जातंय त्याचं काय?"

इथं माझ्यातली अर्थशास्त्र स्पेशल जागी झाली. मी बोटांवर मोजलं. तीन वर्षांची पदवी, मग दोन वर्षांचं एम.ए., झाली पाच. चार वर्षांचं ऑनर्स, मग एम.ए. एकाच वर्षाचं, झाली पाच. "अहो वहिनी, वर्ष वाया नाही जात, नुसतं इकडून तिकडे जातं. तुमच्या साखरेच्या वाटीसारखं." वाटी माझ्याकडे पंधरा दिवस होती, त्यामुळे त्यांना उदाहरण चटकन पटलं.

पण हा हिशेब पुढं शिकणाऱ्यालाच लागू पडतो, हेही मी सांगितलं. ज्याला एमपीएससीला बसायचंय, बँकेच्या परीक्षा द्यायच्यात, त्याला तीन वर्षांची पदवी पुरते. तिथं चौथं वर्ष म्हणजे बस चुकली म्हणून स्टँडवर काढलेला वेळ. आमच्या ह्यांचंही मत हेच होतं, आणि ते त्यांनी आतून, पेपरामागून, कुणी न विचारता दिलं. ह्यांचं मत बरोबर असण्याचे प्रसंग कमी, म्हणून नोंदवून ठेवते.

आता 'ऑनर्स'मध्येही दोन प्रकार. साधं ऑनर्स म्हणजे आणखी पेपर. आणि दुसरं 'ऑनर्स विथ रिसर्च', ज्याला पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के किंवा जास्त लागतात. त्यात बारा क्रेडिटचा स्वतःचा संशोधन प्रकल्प. शिवाय रिसर्च मेथडॉलॉजी, म्हणजे संशोधन कसं करावं याचा पेपर. चौथ्या वर्षाअखेर ७५ टक्के टिकले तर एम.ए. न करता थेट पीएच.डी.साठी प्रयत्न करायची मुभा आहे.

"थेट पीएच.डी.!" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत डॉक्टर लागणार?"

"आई!" लेक म्हणाली.

तेवढ्यात वहिनींना त्यांच्या माहेरचा भाचा आठवला. तो अमेरिकेत, ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत. एवढ्या अवाढव्य विद्यापीठाच्या पोटात बॅरेट ऑनर्स कॉलेज नावाचं वेगळं कॉलेज आहे, त्यात तो. "त्याला तर पहिल्याच वर्षी घेतलं हो. वेगळा अर्ज, वर निबंध लिहून. राहायला वेगळं होस्टेल. आणि हिला आता चौथ्या वर्षी जाग आली!"

मला या भाच्याचं कौतुक दर दिवाळीला ऐकावं लागतं. पण या वेळी त्यातली एक गोष्ट उपयोगाची निघाली. तिकडे म्हणे नेहमीच्याच वर्गात बसून सरांना जाऊन विचारता येतं, मला याच विषयात जास्तीचं काम द्या, मी करून दाखवतो. सर हो म्हणाले, दोघांनी काय करायचं ते लिहून ठरवलं, की त्या साध्या वर्गाचा ऑनर्स वर्ग होतो, त्या एका मुलापुरता. शेवटी प्रबंध आहेच. मला हे फार आवडलं. आपल्याकडे टक्के बघून दार उघडतात. तिकडे निदान एक दार असं आहे, की ते पोरानं ठोठावावं लागतं.

"मग तू कुणाला विचारलंस का?" मी लेकीला म्हटलं.

तर पोरगी कॉलेजच्या ऑफिसात तीनदा जाऊन आली होती. पहिल्यांदा सांगितलं, अजून वरून काही आलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, आलंय पण साहेब रजेवर आहेत. तिसऱ्यांदा खिडकीतल्या बाईंनी तिलाच विचारलं, "चौथं वर्ष म्हणजे एम.ए. का गं?" मी त्या बाईंना हसत नाही. पहिल्या घावनाला तव्याचाही दोष नसतो. पण पोरीनं मग खिडकी सोडली आणि आपल्या सरांना गाठलं. सरांनी एकच प्रश्न विचारला, "विषय काय घेणार?"

"आणि हिनं काय सांगावं!" वहिनींनी कपाळाला हात लावला. "पेव!"

मी कुरडयांवरचा हात थांबवला.

आमच्या सांगलीत पेव म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगते. हरिपूर, जिथं वारणा कृष्णेला मिळते, तिथल्या मातीत हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणलेली असायची. तोंड माणूस उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. हळद आत भरून तोंड मातीनं बंद करायचं, की वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले गेले. पेवं मात्र तोवर बहुतेक गेली होती. २००५ च्या महापुरात पाणी आत शिरलं ते शिरलंच.

पोरीला हे सुचलं तेही क्रेडिटमधूनच. सहाव्या सेमिस्टरला 'ऑन जॉब ट्रेनिंग' असतं, चार क्रेडिटचं. बाकीच्यांनी कुठून कुठून सर्टिफिकेटं मिळवली (ती कशी, हे मी भिंतीवर बोलेन, इथं लिहिणार नाही), ही मात्र मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याकडे खरोखर जाऊन बसली. तिथं माळ्यावरून खाली काढलेल्या जुन्या चोपड्या तिनं पाहिल्या. माल पेवात, मालक कुठं भलतीकडेच, आणि पावतीवर व्यवहार चाललेला. हळदीच्या वायद्यांचा बाजार एकेकाळी सांगलीतच भरायचा. तिला प्रश्न पडला, की पेवं नक्की कशानं संपली? पुरानं, की त्याआधीच गोदामं आणि कोल्ड स्टोरेज आल्यानं? पुरानं नुसतं शेवटचं झाकण लावलं का?

"आता सांगा ताई, खड्ड्यावर कोण संशोधन करतं?" वहिनी म्हणाल्या.

तर मागच्या पडवीतून आवाज आला, "खड्डा नव्हे, पेव."

वहिनींचे मामंजी. वय ऐंशीच्या पुढे. चाळीस वर्षं एका अडत दुकानात दिवाणजी होते. गेली काही वर्षं ते कुणाशी फारसं बोलत नाहीत. खरं म्हणजे त्यांच्याशी कुणी बोलत नाही, जेवायला वाढलंय एवढंच सांगतं. ते काठी टेकत भिंतीपर्यंत आले, हे मी दोन वर्षांत प्रथम पाहिलं.

"पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं," ते नातीला म्हणाले. "तोंड उघडून ठेवायचं. मग कंदील सोडायचा आत. विझला, तर माणूस उतरवायचा नाही."

"का हो आजोबा?"

"आत हवा मेलेली असते."

पोरीनं मोबाईल भिंतीवर, कुरडयांच्या ताटाशेजारी ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पुढचा पाऊण तास मामंजी बोलत होते. पावतीवर काय लिहायचे, बँक त्या पावतीवर कर्ज कसं द्यायची, एका पेवातला माल न हलता चार जणांच्या नावावर कसा फिरायचा, भरणारे हमाल कुठल्या गावचे. मध्येच एका व्यापाऱ्यानं दुसऱ्याला कसं बुडवलं तेही आलं, नावानिशी. ते पोरीनं नंतर पुसलं म्हणे. मी मात्र ऐकून ठेवलंय. वहिनी दोनदा आत जाऊन आल्या, दूध उतू गेलं, तरी कुणी हललं नाही.

थांबले तेव्हा मामंजींनी नातीला विचारलं, "हे परीक्षेला येणार आहे का?"

"परीक्षेला नाही आजोबा. प्रबंधात. तुमचं नाव घालून."

ते काही बोलले नाहीत. दुपारी धोतर इस्त्रीला टाका, असं मात्र सुनेला सांगितलं. रविवारी रिक्षानं हरिपूरला जायचं ठरलंय. कुठलं पेव कुठं होतं ते दाखवायला.

संध्याकाळी वहिनी पुन्हा भिंतीपाशी आल्या, या वेळी हातात आमरसाची वाटी. "तुमचं काय मत, ताई? भरू दे का फॉर्म?"

माझं मत मी सांगितलं ते असं. नुसतं नावापुढे काही लागावं म्हणून, किंवा पुढे काय करायचं ते ठरत नाही म्हणून ऑनर्सला जाणार असेल तर भरू देऊ नका. तीन वर्षांची पदवी घेऊन कामाला लागलेलं बरं. पण जिच्या डोक्यात स्वतःचा एक प्रश्न आहे, त्यासाठी वेळ देतील असे एक सर आहेत, आणि जिच्या घराच्या पडवीत साक्षीदार बसलाय, तिला अडवू नका. सर पीएच.डी.चे मार्गदर्शक आहेत ना, आणि चौथं वर्ष याच कॉलेजात याच विषयाचं निघणार आहे ना, एवढं मात्र लेखी विचारून घ्या. खिडकीवर नव्हे, लेखी.

"आणि पत्रिकेचं?"

"वहिनी, पत्रिकेचं त्या पोरीवर सोडा."

फॉर्म शनिवारपर्यंत भरायचाय. पोरीनं अर्जात विषयाच्या रकान्यात 'हरिपूर येथील हळदीची पेवे : व्यवहार आणि अस्त' असं लिहिलंय. 'अस्त' शब्द मामंजींचा.

तेव्हा एक विनंती. सांगली, हरिपूर, मिरजेकडे कुणाच्या माळ्यावर पेवांच्या जुन्या पावत्या, अडतीच्या चोपड्या पडल्या असतील तर त्या रद्दीत घालू नका. गुंडाळून आमच्या भिंतीपाशी आणून द्या. वाळवी लागलेल्या असल्या तरी चालतील, फक्त कुरडयांच्या ताटावर ठेवू नका.