वेळेच्या मर्यादेबाहेर

पुण्याची सायकल शर्यत संपली आणि सुतक आलं नागोठण्याला. २३ जानेवारीला पुणे ग्रँड टूरचा शेवटचा टप्पा झाला, न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे विजेता ठरला, तिकडे फटाके वाजले असतील. इकडे एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर आमची मंडळी असे चेहरे करून बसली होती, की परगावचा कोणी उतरला असता तर त्याने हळूच विचारलं असतं, ‘किती वाजता नेणार?’

नागोठण्याचा आणि सायकल शर्यतीचा संबंध काय, असं पेणचा माणूस विचारेल. रोह्याचा तर विचारीलच, कारण आमचा तालुका रोहा असला तरी आमचा ओढा पेणकडे, हे दुःख रोहेकरांना पूर्वीपासून आहे. तर संबंध असा. जुलै महिन्यात कोकणात करण्यासारखं काही नसतं. लावणी आटोपत आलेली, अंबा नदी केव्हा स्टँडात शिरेल याचा नेम नाही, घराबाहेर पडावं तर हायवे आहे. अशा दिवसांत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास टीव्हीवर टूर द फ्रान्स लागते आणि फ्रान्स दिसू लागतो. हिरवी शेतं, टुमदार गावं, आणि या सगळ्यामधून जाणारा, साय धरल्यासारखा, एकही खड्डा नसलेला रस्ता. सायकलवाले आम्हाला नंतर दिसले. पहिली दोन वर्षं आम्ही फक्त रस्ता बघत होतो.

मग हळूहळू त्या रस्त्यावरून जाणारी माणसंही ओळखीची झाली. आता आमच्याकडे जाणकारांचा तुटवडा नाही. कंपनीतून निवृत्त झालेले काका (नागोठण्यात ‘कंपनी’ एकच, आधीच्या मालकाचं नाव आणि आताच्या मालकाचं नाव सांगायची पद्धत नाही) हे डोंगरी टप्प्यांचे तज्ज्ञ. स्वतः सुकेळी खिंड रिक्षाने चढतानाही त्यांना धाप लागते, पण सायकलपटू पोगाचार कुठल्या चढावर कधी उठून पायडल मारणार, हे ते दोन किलोमीटर आधी सांगतात. मास्तर नियमांचे तज्ज्ञ. चहावाला वेळेचा तज्ज्ञ, कारण उधारी त्याच्याकडे असते.

खेळातलं बारीकसारीक समजून घ्यायला आम्हाला कष्ट पडले नाहीत. प्रत्येक संघात आठ जण असतात आणि त्यातले सात जण जिंकण्यासाठी येतच नाहीत. ते मागे जाऊन गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणतात, शर्टात कोंबून पुढे नेतात, नेत्याच्या पुढे राहून वारा अंगावर घेतात, नेत्याचं चाक फुटलं तर स्वतःचं काढून देतात, आणि शेवटच्या चढावर नेता सुसाट निघाला की दम टाकत बाजूला होतात. फोटोत ते नसतात. हे दृश्य पहिल्यांदा बघितलं तेव्हा टपरीवर कोणीही आश्चर्य व्यक्त केलं नाही. उलट एका तरुण कार्यकर्त्याने विचारलं, ‘यांना निवडणुकीनंतर काही देतात का?’ बक्षिसाची रक्कम विजेता सहकाऱ्यांत वाटून टाकतो, अशी तिथली रीत आहे हे कळल्यावर त्याने तो खेळ बघणं सोडलं. म्हणाला, हे काल्पनिक वाटतं.

एक गोष्ट मात्र आमच्या गळी उतरायला वेळ लागला. तिथे चालू शर्यतीत संघ बदलता येत नाही. सकाळी ज्या रंगाची जर्सी घातली, संध्याकाळी त्याच रंगात घरी. मास्तरांनी नियम तीनदा वाचून दाखवला, तरी काका म्हणत होते की एखादी पळवाट असेलच, दोन तृतीयांश फुटले तर चालत असेल.

पण आमची खरी नजर अडकली ती वेळेच्या मर्यादेवर. प्रत्येक टप्प्यात जिंकणाऱ्याने जेवढा वेळ घेतला, त्यावर ठरावीक टक्के वाढवून एक मर्यादा काढतात. त्या मर्यादेत जो रेषेवर पोचला नाही तो बाद. पाय मोडलेला असो, घरी लग्न असो, बॅग भरायची. हा नियम मास्तरांनी वाचला तेव्हा टपरीवर शांतता पसरली, आणि सगळ्यांची मान आपसूक हायवेकडे वळली.

वाचकांपैकी कोणी मुंबई-गोवा महामार्गाने कधीच गेलेला नसेल तर त्याच्या माहितीसाठी: पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. नागोठणं या तुकड्याच्या पोटात आहे, म्हणजे आम्ही शर्यत अगदी दोरीला चिकटून बघतो आहोत. त्या वर्षी टूर द फ्रान्स ऑस्ट्रेलियाच्या कॅडेल इव्हान्सने जिंकली. मग विगिन्स आला, जिंकला, त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली, तो निवृत्त झाला. फ्रूमने चार जिंकल्या. निबाली एक जिंकून इटलीत हीरो झाला, पुढे निवृत्त झाला. गेरेंट थॉमस २०१८ मध्ये जिंकला आणि २०२५ मध्ये त्यानेही सायकल टांगली. कोलंबियाच्या बर्नालने जिंकली, विंगेगोरने दोन जिंकल्या. आणि तादेय पोगाचार, जो काम सुरू झालं तेव्हा बारा वर्षांचा होता आणि स्लोव्हेनियात शाळेत जात होता, त्याने २०२५ पर्यंत चार जिंकल्या. आमच्या टपरीवर सन सांगत नाहीत. ‘फ्रूमच्या वेळी इथे खोदलं होतं,’ असं म्हणतात. ‘बर्नालच्या साली बुजवलं.’ ‘मग विंगेगोर आला तेव्हा परत खोदलं.’ कंत्राटदार बदलले, तारखा बदलल्या, रस्त्याचा क्रमांकसुद्धा १७ चा ६६ झाला. काकांचं म्हणणं, एवढ्या संथ चालीने गेल्यावर क्रमवारीत माणूस घसरणारच.

मागच्या जुलैत टूरच्या नवव्या टप्प्यात सायकलवाल्यांनी ताशी पन्नास किलोमीटरच्या वर सरासरी काढली. मास्तरांनी वहीत गणित मांडलं. त्या वेगाने ८४ किलोमीटरला एक तास चाळीस मिनिटं. यावर दहा टक्के मर्यादा धरली तर आणखी दहा मिनिटं. म्हणजे २०११ मध्ये सकाळी नारळ फोडला असता तर जेवणाच्या आत हा महामार्ग स्पर्धेतून बाद झाला असता. पण याच नियमाच्या खाली एक बारीक सवलत आहे आणि ती वाचल्यावर मास्तरांना सगळ्या व्यवहाराचा उलगडा झाला. उशिरा येणारा घोळका मोठा असेल तर पंच कधी कधी सगळ्यांना माफ करतात. एकटा मागे राहिला तर बाद. सगळे मिळून, एकमेकांना धरून, बोलत बोलत मागे राहिले तर शर्यतीत. डोंगरी टप्प्यावर अशा घोळक्यात अनुभवी मंडळी मुद्दाम थांबतात. खातं, कंत्राटदार, उपकंत्राटदार, सल्लागार, भूसंपादन, असा घोळका केवढा होतो बघा. त्यांना बाद करायचं तर मागे उरणार कोण? आम्ही.

तर असे आम्ही मुरलेले प्रेक्षक. आणि गेल्या वर्षी बातमी आली की आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या यादीतली अनेक टप्प्यांची शर्यत महाराष्ट्रातच होणार. १९ ते २३ जानेवारी, एकूण ४३७ किलोमीटर, पुणे जिल्ह्यात. पहिला टप्पा मुळशी-मावळच्या रस्त्यांवरून. मुळशी म्हटल्यावर आमच्या पोटात गोळा आला, कारण मुळशीच्या पुढे ताम्हिणी, आणि ताम्हिणी उतरली की रायगड जिल्हा! शर्यत घाटमाथ्यापर्यंत आली, आमच्याकडे वळून बघितलं असेल नसेल, आणि परत फिरली. पुणेकरांच्या दारातून पाहुणा आला तसा गेला याची आम्हाला सवय आहे, पण निदान ‘बसा’ तरी म्हणायला हवं होतं.

खरा घाव शर्यत हुकल्याचा नव्हताच. घाव होता डांबराचा. शर्यतीसाठी पुण्याने जे केलं ते आम्ही फोनवर पाहत होतो: रस्ते नव्याने केले, खड्डे बुजले, पट्टे मारले, गतिरोधक काढले, काही भागांत शाळांना सुट्ट्या दिल्या. हे सारं तारखेच्या आत. काम पूर्ण होतं हे पाहून काका हादरले. त्यांचा आयुष्यभराचा समज होता की आपल्याकडे रस्ता पूर्ण होणं हे हवामानावर, न्यायालयावर आणि ग्रहांवर अवलंबून असतं. ते बातम्या बघत म्हणाले, ‘म्हणजे यांना येत होतं!’ पुणेकर मात्र रस्ते बंद म्हणून चिडचिड करत होते. पुणेकराला तूप वाढलं तरी तो वाटी कुठून आणली ते विचारतो. आमच्याकडे रस्ता बंदच असतो, आणि त्याबद्दल कोणी सायकलही पाठवत नाही.

म्हणून शर्यत संपल्याचं सुतक. एक संपण्याची तारीख ठरते, त्या तारखेला ती वस्तू खरोखर संपते, माणसं टाळ्या वाजवून घरी जातात, हा अनुभव पाच दिवस मिळाला आणि गेला. तसं पाहिलं तर नागोठण्यालाही पूर्वी हा अनुभव होता. अंबा नदीवर आमच्याकडे एक जुना दगडी पूल आहे. चौलच्या काजी अलाउद्दीनने १५८० च्या सुमारास तो बांधला, अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. बांधला, म्हणजे पूर्ण केला. त्या काळी निविदा नव्हत्या हे मान्य.

सुतकाच्या तिसऱ्या दिवशी मास्तरांनी अर्जाचा मसुदा काढला. विषय: पुढील वर्षीच्या शर्यतीचा एक टप्पा पळस्पे ते इंदापूर असा ठेवणेबाबत. युक्ती उघड होती. रस्ता मागितला तर मिळत नाही, शर्यत मागावी. पण टपरीवर अर्ज वाचला गेला आणि जाणकारांनी त्यात तपशील भरायला सुरुवात केली.

काकांनी सुकेळी खिंडीला चढाची श्रेणी मागितली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणून बक्षीस देतात, मग आमच्या खिंडीने काय पाप केलं? खिंडीचा राजा म्हणा. कोणीतरी सुचवलं की खड्डे बुजवूच नयेत. फ्रान्समध्ये पॅरिस-रुबे नावाची १८९६ पासूनची शर्यत मुद्दाम दगडगोट्यांच्या रस्त्यावरून नेतात, ते वाईट रस्ते वाईटच राहावेत म्हणून स्वयंसेवकांची संस्था झटते, आणि विजेत्याला बक्षीस म्हणून रस्त्यातला एक दगड देतात. हे ऐकून चहावाल्याने आपल्या भाच्याच्या गाडीची काच दाखवली. त्याला वडखळच्या अलीकडे ते बक्षीस तीन वेळा मिळालं आहे, पुढच्या डंपरच्या चाकातून, आणि त्याने स्पर्धेत भागही घेतला नव्हता.

लबाडीचं काय, हाही प्रश्न निघाला. १९०४ च्या टूरमध्ये प्रेक्षकांनी रस्त्यावर खिळे टाकले, काही स्पर्धक चक्क आगगाडीने गेले, आणि शेवटी पहिल्या चौघांना बाद करून एकोणीस वर्षांच्या पोराला विजेता करावं लागलं. (ही शर्यत मुळात एका वर्तमानपत्राने खप वाढवायला काढली होती. आमच्या संपादकांनी हे वाक्य वाचू नये.) खिळ्यांची भीती मास्तरांनी फेटाळली, आमच्याकडे पसरलेली खडी असताना खिळ्यावर कोण खर्च करेल? आगगाडीचीही चिंता नाही. नागोठण्याला स्टेशन आहे, पण दिवा-रोहा गाडीत सायकल घेऊन चढलेला लबाड मागच्या एक्स्प्रेसला वाट देत देत असा पोचेल की बाकीचे बक्षिसं घेऊन जेवायला बसलेले असतील.

पावसाची अट तेवढी घालायची राहिली होती. मागच्या जुलैत पॅरिसच्या शेवटच्या टप्प्याला पाऊस आला, रस्ता निसरडा झाला, तेव्हा आयोजकांनी रेषेच्या बऱ्याच आधी एकूण वेळ मोजून टाकली: इथून पुढे कोणी मागे राहिला तरी त्याच्या खात्यात उशीर लागणार नाही. पोगाचारची विजेत्याची पिवळी जर्सी तिथेच नक्की झाली. तरी तो पुढे झुंजला, आणि मोंमार्त्रच्या ओल्या चढावर व्हॅन आर्टने त्याला मागे टाकून टप्पा जिंकला. मास्तर म्हणाले, पावसात उशीर मोजायचा नाही हे कलम आपल्याकडे पहिल्यापासून आहे, तेवढं एक फ्रेंचांनी आपल्याकडून घेतलं. झुंजण्याचा भाग त्यांचा.

मग सह्या सुरू झाल्या. काकांनी केली, चहावाल्याने उधारीच्या वहीखाली ठेवून केली, त्या तरुण कार्यकर्त्याने साहेबांना विचारून सांगतो म्हटलं. कागद पंक्चरवाल्या चाचांकडे गेला. हायवेच्या कडेला त्यांचं दुकान काम सुरू होण्याच्या आधीपासून आहे, आणि काम सुरू झाल्यापासून ते बरं चाललं आहे. चाचांनी चष्मा लावला, अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि एकच प्रश्न विचारला, ‘एवढ्या सायकली येणार, त्यांची पंक्चर काढणार कोण?’

मास्तरांनी समजावलं की तिथे पंक्चर काढत नाहीत. मागे गाडी असते, टपावर चाकं असतात, फुटलं की अख्खं चाक बदलून देतात, दहा-बारा सेकंदांत.

‘आणि जुनं चाक?’

‘ते परत गाडीत.’

चाचांनी चष्मा काढला. ‘मग आमच्या रस्त्यावर कशाला आणता त्यांना?’ म्हणाले आणि कागद पुढे सरकवला.

त्यांच्या सहीची जागा कोरी ठेवून अर्ज टपालात पडला आहे. टप्पा कधी ठेवावा या रकान्यात मास्तरांनी ‘काम पूर्ण झाल्यावर’ असं लिहिलं होतं. काकांनी ते खोडून ‘काम पूर्ण व्हावे म्हणून’ असं केलं. आता वरचे साहेब दोन्ही वाचून कुठलं रद्द धरतील, यावर टपरीवर पैजा लागल्या आहेत. चहावाला पैसे रोख घेतो आहे.