पंखे बाळगणाऱ्यांसाठी जाबता

ज्या महाराष्ट्रात दिवे, दौती आणि अडकित्ते यांच्यासाठी दिनकर केळकरांनी पुण्यात आख्खे वस्तुसंग्रहालय उभे केले, त्याच महाराष्ट्रात जन्मभर डोक्यावर फिरत राहणाऱ्या छताच्या पंख्याकडे संग्राहकाच्या दृष्टीने कोणी मान वर करून पाहू नये, ही गोष्ट आमच्या मते मानेच्या आळसाची निदर्शक आहे. सबब, या विद्येत पाऊल टाकू इच्छिणाऱ्या होतकरू इसमांच्या सोयीसाठी, आणि विशेषेकरून सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत वहिवाट असलेल्यांसाठी, पुढील मजकूर सादर केला आहे.

हेच दोन जिल्हे का, अशी शंका निघेल. पंख्याची पारख करण्यास दोन प्रकारचे साक्षीदार लागतात: एक, ज्याला वाऱ्याची गरज नाही, आणि दुसरा, ज्याला वाऱ्यावाचून गत्यंतर नाही. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर, अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलेले असल्यामुळे तेथे ऐन चैत्रातही मध्यरात्रीनंतर घरातले कोणीतरी पांघरूण ओढीत उठते आणि पंखा बंद करते. त्यामुळे सातारकर पंख्याचा विचार घराणे, रूप आणि आवाज या तीन अंगांनी करू शकतो. सांगलीकर बिचारा कृष्णेकाठच्या दमट उकाड्यात, चाळिशीला टेकलेल्या पाऱ्याखाली बसलेला असतो, आणि त्याला या तिन्ही अंगांशी कर्तव्य नसते. पहिल्याचे मत निःपक्षपाती पण निरुपयोगी, दुसऱ्याचे उपयुक्त पण पक्षपाती. संग्राहकाने दोन्ही जबान्या नोंदवून घ्याव्यात आणि एकीवरही विसंबू नये.

संग्रहाचा आरंभ वंशावळीपासून करावा, हा शिरस्ता आहे. विजेच्या पूर्वी कचेऱ्यांतून छताला टांगलेली कापडी झालर आणि बाहेर व्हरांड्यात बसून तिची दोरी ओढणारा पंखेवाला, एवढीच वाऱ्याची सरकारी तजवीज होती. रयतेच्या घरी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तेवत असे, आणि कंदिलाच्या कारकिर्दीत वारा हा घरात आणण्याचा नव्हे, तर काचेबाहेर ठेवण्याचा पदार्थ होता. त्याच्याही आधी, १८८० च्या दशकात, अमेरिकेत फिलिप डील नावाच्या, सिंगर शिवणयंत्राच्या कारखान्यात काम करणाऱ्या यंत्रज्ञाने शिवणयंत्रासाठी घडवलेली विजेची मोटर पाती लावून छताला टांगली, आणि छताचा पंखा जन्मास आला. म्हणजे ज्याला आपण पंखा म्हणतो तो मूळचा शिंपी आहे. आपल्याकडे उषा या नावाने शिवणयंत्रे आणि पंखे एकाच कलकत्तेकर कारखानदारीतून निघाले, तेव्हा माजघरात उषा शिवीत आहे आणि दिवाणखान्यात उषा फिरत आहे अशी घरे शेकड्यांनी झाली. ती दोघे सख्खी भावंडे आहेत ही जाणीव मात्र त्या घरांत कोणास असेल असे वाटत नाही. उषा, ओरिएंट ही नावे कलकत्त्याची, क्रॉम्प्टन मुंबईचे. किर्लोस्करवाडीत नांगर आणि पंप झाले, सातारा रोडला कूपरांची डिझेल इंजिने झाली. परंतु वारा मात्र या मुलखाने सदैव परगण्याबाहेरूनच मागवला, ही सल संग्राहकाने मनात बाळगावी, चारचौघांत बोलून दाखवू नये.

आता वस्तू मिळवावी कोठून. शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने यांच्या जडवस्तू नोंदवहीत जे पंखे वर्षानुवर्षे 'नादुरुस्त' या शेऱ्याखाली नांदत असतात, त्यांचे कधीतरी निर्लेखन होऊन लिलाव पुकारला जातो. त्या लिलावाचा माल शेवटी भंगारवाल्याकडे येतो, म्हणून मधल्या हुकुमांची वाट न पाहता थेट तेथेच जावे. भंगारवाला पंख्यात वारा पाहत नाही, तांबे पाहतो. ओतीव बिडाचा, काळपट हिरव्या रंगाचा, लोटीएवढ्या वाटीचा आणि रुंद पात्यांचा नग हाताशी लागला की संग्राहकाने चेहऱ्यावर पूर्ण औदासीन्य आणून आधी शेजारच्या मोडक्या सायकलीची चौकशी करावी. "पाव्हणं, बेरिंग तेवढं गेलंय, बाकी पंखा वाघ हाय," असे उत्तर आले तर वायंडिंगही जळलेले आहे असे समजून चालावे. पंखा उलटा धरून दांडीभोवती हाताने फिरवावा. खरखर आली तर खर्च बेअरिंगचा, न फिरला तर संसाराचा. आणि तिन्ही पाती एकाच पंख्याची आहेत याची खातरजमा केल्यावाचून पैसे मोजू नयेत. पाती कारखान्यात वजन जुळवून त्रिकुटाने बांधलेली असतात. त्यांतले एक जरी परक्या घराण्यातले निघाले तरी पंखा असा डुलू लागतो की खाली बसलेल्या पाहुण्यास निरोपाची आठवण आपोआप होते.

टांगण्याच्या बाबतीत साताऱ्याचा जुना वाडा हा संग्राहकाचा शत्रू आहे. कडीपाटाचे छत इतके खाली की पाते आणि जमीन यांत जे आठ फूट अंतर राखावे असे जाणकार सांगतात, ते राखायचे तर आधी जमीन खणावी लागेल. शिवाय वर पात्यांना हवा ओढण्यास फूटभर मोकळी जागा हवी, तीही तेथे नाही. सांगलीच्या स्लॅबात ओतलेली कडी उलट वाटेल ते वजन झेलते, म्हणून वजनदार नग सांगलीस आणि देखणे नग साताऱ्यास, अशी वाटणी सोयीची पडते. लांब दांडीचा एक पंखा मात्र कोयनेच्या बाजूला, पाटण-कराडकडे, अवश्य ठेवावा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपापासून त्या भागात जमीन हलल्याची पहिली साक्ष पंख्याचीच काढली जाते; हिवाळ्यात तो बंद असतो, आणि बंद पंखा झुलू लागला की घरातला थोर माणूस वर बोट दाखवतो व बाकीचे अंगणात जातात. वेधशाळेचा आकडा मागाहून येतो.

मुख्य प्रकरण जुन्या-नव्याच्या तुलनेचे. पहिली कसोटी नादाची, आणि त्यासाठी मिरजेहून तंबोरे लावणारा कान मिळाला तर उत्तम. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, मोटरीतले चुंबकत्व प्रत्येक आवर्तनात दोनदा खेचते, त्यामुळे जुना पंखा १०० आंदोलनांचा घुमारा धरतो. हा स्वर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर लागतो. किंचित वर, हीच सगळी व्यथा आहे. ज्या घरात पांढरी पाचमध्ये गाणारा कोणी आहे तेथे हा पंखा आयुष्यभर बेसूर साथ करील, आणि गवई व पंखा यांपैकी कोणाला काढावयाचे, हा प्रश्न एक ना एक दिवस निघेलच. नवा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित डीसी मोटरीचा, पंखा जवळजवळ मुका असतो. त्याच्या गुणांत हा गुण मोजला जातो. पण ज्या दांपत्यांनी तीस वर्षे जुन्या पंख्याच्या घरघरीखाली एकमेकांचे अर्धे बोलणे ऐकू न येऊ देता संसार सुखाचा केला, त्यांनी हा पंखा विचार करूनच घ्यावा.

दुसरी कसोटी वेगाची. अठ्ठेचाळीस इंची पंखा मिनिटाला ३८० फेऱ्यांनी फिरला तर पात्याचे टोक ताशी सुमारे ८५ किलोमीटर धावते, म्हणजे साताऱ्याहून निघालेल्या एस.टी.च्या पुष्कळ आधी, दीड तासाच्या आत, ते सांगलीस पोहोचावयास हवे. पोहोचत नाही, हा दोष त्याचा नव्हे, दांडीचा.

विजेच्या कसोटीवर मात्र जुन्या पंख्याची बाजू मांडणे कोणत्याही वकिलास जड जाईल. जुना ७५ वॅट खातो, नवा २८. दिवसाचे बारा तास धरले तर महिन्याकाठी सुमारे १७ युनिटांची तफावत पडते, आणि १ जानेवारी २०२३ पासून सरकारनेच प्रत्येक पंख्याच्या कपाळी तारांकन सक्तीचे केले असल्यामुळे ती तफावत आता नाकारताही येत नाही. जुन्या लाकडी पाटावरचा तो काळा, गरम होणारा रेग्युलेटर तर उघड फसवणूक होती: बटण पाचावरून दोनावर आणले की वारा कमी होई आणि वाचलेली वीज पेटीतच उष्णतेच्या रूपाने जळे. तरीही घरातील सत्ता कोणाच्या हाती आहे हे त्या बटणावरून आल्यागेल्यास कळत असे. रिमोटने ही व्यवस्था मोडली. तो गादीखाली सापडेपर्यंत घर अराजकात असते. नव्या पंख्याला जुन्या रेग्युलेटरवर जोडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण आतला सर्किट बोर्ड या गादीला मुजरा करीत नाही, जळून जातो.

वीज येते कोठून, याची चौकशी संग्राहकाने एकदा तरी वनकुसवडे किंवा चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन करावी. तेथे तीन-तीन पात्यांच्या अजस्र पवनचक्क्या सह्याद्रीचा फुकट वारा अडवून त्याची वीज करतात. ती वीज तारेने खाली येते, मीटरमधून मोजून घरात शिरते, आणि तीन पात्यांचा दुसरा एक पंखा फिरवून तिचा पुन्हा वारा करते. पठारावर खुर्ची टाकून बसलेल्या गुराख्यास ही योजना समजावून सांगण्याचा प्रयत्न करू नये.

सांगलीच्या तळमजल्यावर संग्रह असेल तर पावसाळ्यात आयर्विन पुलाच्या पातळीवर नजर ठेवावी. ऑगस्ट २०१९ मध्ये गावभागात पाणी चढले तेव्हा भांडीकुंडी आधी गेली. पंखा छताला असल्यामुळे सर्वांत शेवटी बुडाला. पूर ओसरल्यावर गाळ धुऊन, वायंडिंग उन्हात कडकडीत वाळवून, वर व्हार्निशचा हात देऊन आणि बेअरिंग बदलून जुना पंखा बहुधा पुन्हा उभा राहतो. नव्याचा सर्किट बोर्ड एकदा गाळात बसला की पंचनाम्यात नोंद होण्यापलीकडे त्याला भवितव्य नसते. ज्या घरी वीजबिलावरून जुन्याची हेटाळणी चालते, तेथे ही बाब आवाज न चढवता सांगावी.

अखेरची कसोटी थांबण्याची. दोन्ही पंखे पूर्ण वेगात असताना एकाच क्षणी बटणे बंद करावीत आणि कोण किती वेळ फिरत राहतो हे घड्याळ लावून मोजावे. बेअरिंगची तब्येत याइतकी दुसऱ्या कशाने कळत नाही. बिडाचा जड पंखा आधी मिळवलेल्या वेगावर बराच काळ जगतो. त्या अवधीत सातारकर त्याच्या घराण्याविषयी बोलत राहील आणि सांगलीकर बटण पुन्हा चालू करील, त्यामुळे मोजणी पुरी होणार नाही. उभयतांच्या सह्या तेवढ्या घेऊन ठेवाव्यात आणि प्रकरण पुढील वैशाखापर्यंत तहकूब करावे.