तुमच्या बादलीला माप नव्हतं

आमच्या स्लॅबच्या ठेकेदारांना,


मे महिन्यात बिबवेवाडीतल्या आमच्या घराचा वरचा स्लॅब तुम्ही टाकलात. पहिल्याच जोरदार पावसात पाणी वडिलांच्या पलंगावर टपकलं. तुम्ही आलात, मान वर करून पाहिलंत आणि म्हणालात, "भोक कुठे दिसतंय? पाणी आपली वाट काढतंच."

भोक नाहीच. वाट तुम्ही काढून दिलीत.

मिक्सरपाशी मी उभा होतो. माल जड जातोय म्हणून माणसं पाणी ओतत होती आणि तुम्ही "अजून ओत" म्हणत होतात. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या हवामानातल्या आरसीसीलाही ५० किलोच्या पोत्यामागे साडेसत्तावीस लिटर ही कमाल मर्यादा. तुमच्या बादलीला माप नव्हतं, घाई मात्र होती. सिमेंटने न वापरलेलं पाणी मालात जागा अडवतं आणि तिथे केसाहून बारीक पोकळ्या राहतात.

पोकळ्या चांगल्या स्लॅबमध्येही असतात. त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, हे महत्त्वाचं. ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली यांनी १९५७ साली याच प्रश्नाचं गणित मांडलं. अफाट चौकटींच्या पटावर चिठ्ठ्या टाकून घरं उघडत गेलात, तर शेकडा ५९ पर्यंत पाणी सुट्या डबक्यांतच अडकतं. ६० झाली की आरपार वाट तयार! मधला एक टक्का सगळं ठरवतो. सिमेंटच्या लगद्यात हा उंबरठा साधारण २० टक्के पोकळ्यांचा. त्याखाली वाटा तुटतात. वर असलात, तर पाण्याला कोण अडवणार?

वाटा बुजवायचा उपाय तुमच्याच हातात होता: पाणी मारणं. सिमेंट ओलं राहिलं तर वाढत जातं आणि पोकळ्या भरतं. पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की पाणी सिमेंटच्या ०.४५ पट असेल तर सात दिवसांत वाटा तुटतात, ०.६ असेल तर सहा महिने लागतात, ०.७ च्या वर कधीच नाही. उन्हाळ्यात किमान दहा दिवस पाणी मारायचं, हा नियम आहे. तुमचा माणूस दोन दिवस आला. बिल तिसऱ्या दिवशी आलं.

आता वरून डांबर फासून देतो म्हणता. ते नको. पावसाळा सरला की या, आणि पोत्यामागे किती बादल्या ओतल्यात ते आठवून, कागदावर लिहून, खाली सही करून आणा. वडील तोवर हॉलमध्ये झोपतील.