कॉमन आहे हो!

राजस्थानच्या सहलीला निघालेल्या प्रत्येक बसमध्ये एक नाना असतात. अंगात सतरा खिशांचं खाकी जाकीट, डोक्यावर दोरीची टोपी आणि गळ्यात दुर्बीण. नवरदेवसुद्धा कधीतरी हार काढून ठेवतो, नाना दुर्बीण काढत नाहीत. जोधपूरला ती दोनदा दालबाटीत बुडाली. नानांनी ती रुमालाने पुसली आणि तिच्यातून समोरच्या विजेच्या तारेवर पाहिलं. ‘‘होला. कॉमन.’’

नानांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे पक्षी आहेत. दिसतात ते कॉमन, आणि काल दुसऱ्या कोणाला तरी दिसले ते. माळढोक बघायला ते सोलापूरजवळच्या नान्नजला अकरा वेळा गेले. अकराही वेळा तिथल्या माणसाने सांगितलं, ‘‘काल यायला पाहिजे होतं, साहेब.’’ आता जगात उरलेसुरले माळढोक बहुतेक जैसलमेरच्याच बाजूला आहेत, म्हणून तर नाना या सहलीत आले. पण सहलीच्या कार्यक्रमात माळढोक नव्हता, उंट होता. जैसलमेरजवळच्या सम गावाच्या वाळूत नाना उंटावर उलटे बसून क्षितिज न्याहाळत होते. उंटवाल्याने आयुष्यात बरंच पाहिलं असणार, तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गडीसर. वर्षाकाठी वीतभरही पाऊस न पडणाऱ्या गावाने एके काळी याच तळ्यावर तहान भागवली. चौदाव्या शतकात महारावळ गडसीने ते बांधून काढलं. आता इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्यामुळे ते आटत नाही. काठावर पिवळ्या दगडाची मोठी कमान आहे. ती तिलों नावाच्या गणिकेने बांधली. राजाने पाडू नये म्हणून वर देऊळच बसवून टाकलं, असं गाईड रंगवून सांगत होता. सगळ्या बायका ‘‘शाब्बास!’’ म्हणाल्या. नाना कमानीच्या माथ्याकडे बघत होते. ‘‘पारवा,’’ ते म्हणाले. पुढचा शब्द आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटला.

नानी शहाण्या. त्या बायकांबरोबर शिकाऱ्यात जाऊन बसल्या आणि नानांच्या पायडल बोटीत मी सापडलो. चक्रवाकाची जोडी म्हणे रात्री ताटातूट सोसते. ही जोडी दिवसाच सोसत होती, तेही आनंदाने.

‘‘पायडल तुम्ही मारा, मी निरीक्षण करतो. आणि आवाज नको.’’

पायडल बोट आवाज न करता कशी चालवावी, हे ज्याला माहीत असेल त्याने मला जरूर कळवावं. मी पाय मारले की बोट कुरकुरायची आणि नाना ‘‘शूऽऽ’’ करायचे. थांबलो की बोट पावाच्या तुकड्यांसाठी जमलेल्या मिशाळ माशांच्या घोळक्यात शिरायची.

पहिला पक्षी दिसला. काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा. ‘‘वारकरी,’’ नाना म्हणाले. मी हरखलो. पंढरपूर सोडून जैसलमेरला वारकरी! हात जोडणार तोच ऐकू आलं, ‘‘कॉमन.’’ मग लालभडक काटकुळ्या पायांचा शेकाट्या कॉमन निघाला. टिबुकलीने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःबद्दल काही ऐकायला लागू नये म्हणून बुडी मारली.

तेवढ्यात केशरी अंगाची जोडी दिसली.

‘‘चक्रवाक! लडाख-तिबेटकडे वीण, थंडीत खाली उतरतात. केवढा प्रवास!’’

‘‘वा! म्हणजे दुर्मीळ?’’

‘‘छे हो, कॉमन. आपल्या भिगवणला ढिगाने असतात.’’

मग आपण भिगवणलाच का नाही गेलो, हा प्रश्न मी पायडलबरोबर दाबला.

ऊन कलत आलं. पाण्यातल्या दगडी छत्र्या मधासारख्या दिसू लागल्या आणि वरून एक किरकिरता, खोल आवाज आला. नानांनी मान वर केली. कांड्या करकोचे, इकडचे लोक त्यांना कुरजां म्हणतात. मंगोलियाकडून येतात, आणि फलोदीजवळच्या खीचनला गावकरी त्यांच्यासाठी रोज धान्य टाकतात. तिथे बस थांबवली नाही म्हणून नाना आदल्या दिवशी पोकरणपर्यंत रुसले होते. आता ती लांबलचक वाकडी रांग आमच्या डोक्यावरून चालली होती. मी त्या शब्दाची वाट पाहिली. तो आला नाही.

‘‘बघा,’’ एवढंच म्हणून नानांनी प्रथमच दुर्बीण माझ्यापुढे केली. पट्टा मात्र गळ्यातच. त्यामुळे पासष्टीतले आम्ही दोघे गालाला गाल लावून आकाशाकडे बघत बसलो, आणि पलीकडच्या शिकाऱ्यातून नानींनी आमचा फोटो काढला.

बोटवाला काठावरून शिट्ट्या मारत होता. अर्ध्या तासाची बोट आम्ही पाऊण तास वापरली होती. जादाचे पैसे मी भरले. नानांच्या सतराही खिशांत सुटे नव्हते.