कानसेनांचा दिवाणखाना

कानसेनांच्या दिवाणखान्यात बसायला जागा एकच असते. दोन स्पीकर्सपासून टेप लावून मोजलेल्या अंतरावर एक खुर्ची, आणि तिच्यात स्वतः घरधनी. बाकीच्यांनी कुठे बसायचं, हा प्रश्न घरात केव्हाच निकालात निघालेला असतो: आतल्या खोलीत.

वय पन्नाशीच्या पुढे, फ्लॅटचं कर्ज फिटलेलं, मुलगा अमेरिकेत. जाताना त्याच्या बॅगेत बाकरवडी जाते आणि येताना स्ट्रीमर येतो. सवाई गंधर्वला कानसेन दरवर्षी जातात आणि माइकवाल्याने वाट लावली म्हणून दरवर्षी चिडून परततात.

नवा स्ट्रीमर चार लाखांचा. पाहुण्याला मानाने खुर्चीत बसवलं जातं. ‘‘तंबोऱ्याच्या मागची शांतता ऐका. काळीकुट्ट आहे की नाही?’’ नेमकी तेव्हाच कुकरची शिटी होते. ‘‘अगं, गॅस बंद कर!’’ कानसेन ओरडतात आणि शांतता पुन्हा पहिल्यापासून लावतात.

आता हा डबा करतो काय, तर इंटरनेटवरून गाणं आणून डॅकच्या हवाली करतो. आकड्यांचा आवाज बनवतो तो डॅक. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सेकंदाला 44,100 नमुने. ते बारा हजारांच्या डब्यातून जातात, तेच चार लाखांच्याही. वाटेत एखादा तुकडा गहाळ झाला तर तो पुन्हा मागवला जातो. मालकंसातला कोमल धैवत रस्त्यात शुद्ध होत नाही. स्वस्त डब्यातला डॅकच सुमार असेल तर गोष्ट वेगळी. महागाचा पडदा देखणा, ॲप न अडखळणारं, ॲल्युमिनियमचं अंग उचलताना कंबर धरेल असं, हेही कबूल. पण दोन्ही डबे डिजिटल वायरने एकाच डॅकला जोडले, की ऐकू येण्याजोगं फारसं काही उरत नाही.

हे सिद्ध करायला एका वात्रट भाच्याने दोन्ही डबे चादरीआड ठेवले, आवाजाची पातळी सारखी केली आणि मामांना ओळखायला लावलं. मामांचं निम्म्या वेळा बरोबर आलं, निम्म्या वेळा चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. मामा क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ‘‘चादरीने आवाज दबला रे.’’ चादर डब्यांवर होती, स्पीकर्सवर नव्हती.

बरं, या सगळ्या सरंजामावर ऐकायचं काय? तर अब्दुल करीम खाँसाहेब. खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, त्यातही सतत खरखर. ‘‘खरखरसुद्धा किती स्वच्छ येते!’’ कानसेन डोळे मिटून म्हणतात. पन्नाशीनंतर 15,000 हर्ट्झच्या वरचं बहुतेकांना ऐकूच येत नाही, ही गोष्ट त्यांच्यासमोर काढायची नसते. अपमान होतो. शिवाय खाँसाहेबांच्या तबकडीत त्या पट्टीतलं मुळात काही नाहीच.

तुम्हाला स्ट्रीमर घ्यायचाच असेल तर बारा हजारांचा खुशाल घ्या आणि उरलेले पैसे स्पीकर्समध्ये, जाड पडद्यांत नि एका चांगल्या सतरंजीत घाला. फरक तिथे पडतो. कानसेनांना मात्र यातलं काही बोलू नका. त्यांच्याकडचा गाण्यांचा साठा अस्सल आहे, आणि खुर्ची पाहुण्यांना ते अजूनही देतात.